फादरांकडे मागितलेला दाखला

मोशीत राहणाऱ्या माणसाला मराठी वाङ्मयाचा उगम शोधायला दूर जावे लागत नाही. आळंदी दहा किलोमीटरच्या आत आहे, दुसऱ्या अंगाला देहू. मधून वाहणारी इंद्रायणी आता बहुतेक दिवस फेस अंगावर घेऊन असते, ती गोष्ट वेगळी. ह्या परिसरात मराठी शिकवताना मराठी म्हणजे ज्ञानोबा-तुकोबा हे समीकरण सिद्ध करावे लागत नाही. विद्यार्थी ते घरूनच घेऊन येतात. मीही ते अनेक वर्षे निर्धास्तपणे वापरले. त्याच्यात काही बिघाड आहे अशी शंका मला प्रथम आली ती २०१९ साली.

त्या वर्षी उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची निवड झाली. वसई तालुक्यातील नंदाखालचे हे कॅथलिक धर्मगुरू 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता आणि वर्तमानपत्रांतून धर्म, समाज व राजकारण ह्यांवर ते सातत्याने लिहीत आले होते. निवड जाहीर होताच विरोधाची पत्रे आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. एका धर्मप्रसारकाला हा मान कसा, असा प्रश्न होता. उद्घाटक ना. धों. महानोर ह्यांनाही तेथे जाऊ नका असे सांगण्यात आले. ते गेले.

ह्यापूर्वी चारच वर्षे, जानेवारी २०१६मध्ये, ८९वे संमेलन आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये भरले होते. अध्यक्ष श्रीपाल सबनीस ह्यांच्याविरुद्धही मोठा गदारोळ झाला. त्याचे कारण त्यांनी पंतप्रधानांविषयी काढलेले उद्गार होते, आणि त्यांना दिलगिरीही व्यक्त करावी लागली. तो विरोध योग्य होता की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. सबनीसांना विरोध झाला तो ते काय बोलले म्हणून. दिब्रिटोंना विरोध झाला तो ते अजून काहीही बोललेले नसताना.

परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते विरोधकांनी नव्हे, आपल्यासारख्या समर्थकांनी. आपण काय म्हणालो? फादर तुकाराम जाणतात, ज्ञानेश्वरांवर बोलतात, पर्यावरणासाठी लढले, ते 'आपलेच' आहेत. ह्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि तरीही तो दाखलाच होता. विरोधक दाखला मागत होते, आपण तो लगबगीने काढून देत होतो. दाखल्याची गरजच काय, असे विचारणारे थोडे निघाले. ज्याच्या मराठीपणाविषयी संशय नाही त्याला आपण बायबल वाचले आहे काय असे कधी विचारत नाही. प्रकृती बरी नसतानाही दिब्रिटो जानेवारी २०२०मध्ये व्यासपीठावर आले, संतांविषयी मनापासून बोलले, हिंसेविरुद्ध स्पष्ट बोलले. त्यांचे संतप्रेम अस्सल होते ह्याविषयी मला शंका नाही. मात्र ते प्रेम त्यांना त्या दिवशी ओळखपत्रासारखे दाखवावे लागले, ह्याची लाज आपल्याला वाटायला हवी होती.

हा संशय येतो कोठून? राजकारण हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. आपल्या मनातला कॅथलिक घडवला तो हिंदी सिनेमाने. 'बॉबी' (१९७३)मधला जॅक ब्रगांझा, 'अमर अकबर अँथनी' (१९७७)मधला दारूचा गुत्ता चालवणारा आणि ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी. मोडके हिंदी, गळ्यात क्रॉस, घरी गिटार. पाद्री असला तर पांढऱ्या झग्यात, अनाथ मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेला. ह्या पात्रांवर आपण प्रेम केले हे खरेच आहे, मीही केले. (अँथनी गोन्साल्विस हे नाव गोव्याच्या एका खऱ्याखुऱ्या संगीतज्ञाचे, संगीतकार प्यारेलाल ह्यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे, पण ऐकणाऱ्याच्या लेखी ते गमतीचे नावच राहिले.) सिनेमातला हा प्रेमळ मनुष्य काहीही असतो, फक्त मराठी नसतो. वसईचा कादोडी बोलणारा, केळीची बाग आणि भाजीचा मळा राखणारा, लग्नात मराठी गाणी म्हणणारा कॅथलिक शेतकरी त्या पडद्यावर कधी आलाच नाही.

अभ्यासक्रमही फारसा मदतीला येत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्याला बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. ही सारी प्रॉटेस्टंट परंपरेतील नावे. त्यांचे ख्रिस्ती होणे हा त्यांच्या आयुष्यातला नाट्यपूर्ण प्रसंग आहे, आणि आपल्याला त्या प्रसंगात रस असतो. वसईच्या कॅथलिकाजवळ असा प्रसंग नाही. त्याचे पूर्वज पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात ख्रिस्ती झाले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ते तेथेच होते आणि नंतरही राहिले. तो ख्रिस्ती म्हणून जन्मतो आणि मराठीतच जन्मतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि त्याची उपासनाही मराठीत आली. ख्रिस्तयाग, स्नानसंस्कार, धर्मग्राम हे शब्द दर रविवारी हजारो लोकांच्या तोंडी असतात. मिस्साला 'याग' म्हणताना कोणता अर्थ घेतला गेला, कोणता मागे राहिला, ह्यावर मराठी विभागांतून एखादा प्रबंध का होऊ नये?

दिब्रिटोंच्या राजकारणाविषयीही आपण असेच केले. 'हरित वसई'चे आंदोलन, बिल्डरांना आणि विहिरी उपसणाऱ्या टँकरवाल्यांना त्यांनी केलेला विरोध, ह्याचे आपण कौतुक केले. पण ते 'पर्यावरणवादी' फादरांचे. ज्या श्रद्धेतून तो विरोध आला ती आपण सभ्यपणे वगळली, जणू ती त्यांची खाजगी बाब होती. वास्तविक जमीन ही देवाची निर्मिती आणि दुबळ्याची बाजू घेणे ही उपासनाच, हा विचार दूर केला तर त्यांचे लेखन निम्मे उरते. मला स्वतःला त्यांचे अनेक धर्मविषयक मुद्दे पटत नाहीत. त्यांच्याशी वाद घालता आला असता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, आणि श्रद्धांजल्यांत पुन्हा समन्वय, सौहार्द, सेतू हेच शब्द आले. सेतूशी कोणी वाद घालत नाही, त्याच्यावरून चालत जातो.

आता माझी स्वतःची कबुली. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) मी वर्षानुवर्षे शिकवले. शिकवले म्हणजे पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वरूतली मराठीची स्तुती फळ्यावर लिहिली, एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भाषेचा असा गौरव केला म्हणून वर्गाची मान ताठ केली, ज्ञानेश्वरीशी तुलना केली आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण त्या पुराणात पुढे होतं काय?" घरी कीर्तनाची परंपरा असलेला मुलगा, पुराण म्हटले की कथा असणार हे त्याला कळत होते. मला उत्तर देता आले नाही. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून मी आमच्या कौतुकाच्या तेवढ्या उचलल्या होत्या.

शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६मध्ये काढलेली देवनागरी आवृत्ती त्यानंतर मी मिळवली. तो मुलगा आता चाकणला एका कारखान्यात पाळीवर काम करतो. सुट्टी जुळली की रविवारी येतो आणि आम्ही एकेक अवस्वरू मोठ्याने वाचतो. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतो तेव्हा तो थांबवतो, "हा शब्द त्याने उसना घेतला की बळकावला?" असे विचारतो, आणि आमचा तास त्यातच जातो. सध्या नोहाचे तारू तरंगू लागले आहे.