मांजर आणण्याआधी लेखी परवानगी घ्या

रात्रपाळी संपवून रिकाम्या खोलीवर परतताना वाटतं, दाराशी एखादं मांजर तरी असावं. यात चूक काहीच नाही. पण आयर्लंडमध्ये भाडेकरूला प्राणी पाळण्याचा वेगळा हक्क कायद्यानं दिलेला नाही. भाडेकरारात काय लिहिलंय, ते आधी वाचा.

मालक तोंडी "चालेल" म्हणाला, तर त्यावर विसंबू नका. मेसेज किंवा ईमेल मागून घ्या आणि जपून ठेवा.

प्राण्यासाठी म्हणून जादा डिपॉझिट मागितलं तर? ९ ऑगस्ट २०२१ पासूनच्या भाडेकरारांत डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. हे नम्रपणे, पण लेखी कळवा.

करार मोडला म्हणून कुणी तुम्हाला रातोरात बाहेर काढू शकत नाही. आधी लेखी इशारा, मग चूक सुधारायला मुदत, त्यानंतर २८ दिवसांची नोटीस, असा क्रम आहे. वाद झाला तर रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डाकडे, म्हणजे आरटीबीकडे, तक्रार करा.

मात्र मालक राहतो त्याच घरात तुमची खोली असेल, तर हे संरक्षण लागू होत नाही. अशा ठिकाणी मालकाच्या होकाराशिवाय मांजर आणूच नका. परक्या मुलखात डोक्यावरचं छप्पर आधी. ते टिकलं, तरच मांजरालाही घर मिळेल.