दोष कोंबडीचा की खुराड्याचा?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत कोंबड्यांवरील लेख पाहून काही व्यवसायबंधूंना आश्चर्य वाटेल. परंतु माझ्या बालरोगचिकित्सेतील एका चुकीचे मूळ या विषयात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगावच्या जुन्या वस्तीतील एका घरातून सहा वर्षांची मुलगी खोकला आणि धाप घेऊन वारंवार माझ्याकडे येत असे. परसात चार कोंबड्या आहेत हे कळताच मी फारसा विचार न करता सांगून टाकले, "कोंबड्या आधी घालवा." कोंबड्या विकल्या गेल्या, खोकला मात्र राहिला. पुढच्या पावसाळ्यात तिच्या आजीशी निवांत बोललो, तेव्हा कळले की बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल जळत असे. ती थांबली, औषधे नियमित झाली आणि धाप आटोक्यात आली. त्यानंतर मुलीने मला विचारले, "मग माझ्या कोंबड्या का विकायला लावल्या?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कोंबड्यांपासून धोका नाही, असे मी म्हणत नाही. साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू दिसायला निरोगी असलेल्या कोंबडीच्या विष्ठेतही असू शकतात. रांगणारे मूल जमिनीवरचे सारे तोंडात घालते. २००६ साली नवापूरला आलेली बर्ड फ्लूची साथही आपण विसरलेलो नाही. तरीही धोका दिसला की प्राणीच हद्दपार करायचा, हा उपाय मला आळशीपणाचा वाटतो. इथिओपियातील ग्रामीण कुटुंबांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कोंबड्या होत्या, तेथील मुलांची उंची वयाच्या मानाने बरी आढळली. पण जेथे कोंबड्या रात्री माणसांच्याच घरात झोपत, तेथे चित्र उलटे होते. निरीक्षणात्मक अभ्यासाच्या मर्यादा मान्य करूनही त्यातील बोध स्पष्ट आहे. कोंबडी कोठे झोपते, हा खरा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी त्याच मुलीचे वडील दवाखान्यात आले. पुन्हा कोंबड्या आणायच्या होत्या, या वेळी मला विचारून. औषधांच्या चिठ्ठीच्या कागदावर मी लिहून दिले ते असे. खुराडे स्वयंपाकघरापासून व विहिरीपासून दूर असावे. आपल्याकडील पाऊस लक्षात घेता ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. आत प्रत्येक कोंबडीमागे किमान ३ चौरस फूट जागा आणि बसायला आडव्या दांडीवर ९ इंच जागा हवी. चार कोंबड्यांना अंडी घालण्यासाठी एक फूट लांबी-रुंदीची एक पेटी पुरते. वरच्या बाजूस वारा खेळता हवा, नाहीतर ओल्या विष्ठेतील अमोनिया कोंबडीला आणि माणसालाही बाधतो. खाली भाताचे तूस पसरावे. ओले झाले की लगेच बदलावे. मुंगूस आणि घूस यांच्यासाठी अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लागते, आणि तिन्हीसांजेला दार न चुकता बंद करणारे कोणीतरी घरात लागते. एका कोंबडीला दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य, कवच घट्ट व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा आणि सतत स्वच्छ पाणी द्यावे. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. शेजाऱ्यांची झोप तेवढीच वाचते.

मानमोडी अर्थात राणीखेतची लस पिलांना पहिल्या आठवड्यात, व पुन्हा सहाव्या ते आठव्या आठवड्यात टोचून घ्यावी किंवा पाजावी. कोणती कशी द्यायची ते पशुवैद्य सांगतील. कोंबडी मलूल दिसली की घरातील उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल पाण्यात फोडून पाजण्याची सवय आपल्याकडे आहे. त्या कॅप्सूल आपणच लिहून दिलेल्या असतात, हे आपण डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मुलांसाठी नियम थोडे आहेत, पण ते मोडता कामा नयेत. पाच वर्षांखालील मुलांनी पिले हाताळू नयेत. मोठ्यांनीही त्यांचे मुके घेऊ नयेत. कोंबडीला किंवा अंड्याला हात लावला की साबणाने हात धुवावेत. खुराड्यात वापरायच्या चपला घरात आणू नयेत. लहान मुलांना अंडे पूर्ण शिजवूनच द्यावे.

आपण पालकांना 'नको' फार लवकर सांगतो, कारण 'कसे' सांगायला वेळ लागतो. त्या मुलीच्या बाबतीत मी दहा मिनिटे वाचवली आणि तिच्या चार कोंबड्या गेल्या. आता तिच्या परसात तीन आहेत. संध्याकाळी दार लावण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे, आणि दार लावल्यावर ती हात धुते की नाही, हे मी प्रत्येक भेटीत न विसरता विचारतो.