तोटीचा लोटा कोणत्या कपाटात ठेवायचा?

महाराष्ट्रात मुसलमानांच्या इतिहासाबद्दल बोलायचं म्हटलं की गोष्ट किल्ल्यापासून सुरू होते आणि तलवारीपाशी संपते. आमच्या वऱ्हाडातच पाहा. गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला, अचलपूरची इमादशाही. यांच्यावर पुस्तकं आहेत, व्याख्यानं होतात, भांडणंही होतात. पण अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांत पिढ्यानपिढ्या राहिलेला साधा माणूस कशातून पाणी प्यायला, कशावर झोपला, त्याच्या घरात कोणत्या भांड्यात सालन शिजलं, याबद्दल आपण जवळजवळ काहीच बोलत नाही. नवाबाची तलवार हा इतिहास, आणि आजीचा पानदान हे भंगार, असा हिशेब आपणही निमूटपणे मान्य केला आहे.

हा हिशेब चुकीचा आहे, हे एका परदेशी जोडप्याने आपल्याला सांगून पासष्टहून जास्त वर्षं झाली. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरले आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत थोर कोणती वाटली असेल? लोटा. तो हातात कसा बसतो, कमरेवर आणि डोक्यावर कसा राहतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा सांभाळतो, पाणी कसं ओततो, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. त्यांच्या मते लोटा कुणा एकाने घडवलेला नव्हता. अनेक पिढ्यांच्या हातांनी त्याला घडवलं होतं.

हेच प्रश्न आपण बधन्याला विचारून पाहू. बधना म्हणजे तोटीचा लोटा. साध्या लोट्यातून पाणी एकदम सांडतं. तोटीमुळे त्याची बारीक धार होते. एका हाताने भांडं धरायचं आणि दुसऱ्या हाताने तोंड, कोपरापर्यंत हात, शेवटी पाय धुवायचे. वुजूची सगळी क्रिया त्या तोटीच्या मापात बसते. प्रेषित मुहंमद (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वुजू करत, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नळाची तोटी सोडून वुजू करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा खाली बादली ठेवून किती पाणी जातं ते मोजावं. आणि आपण राहतो कुठे? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारं निघतं. अशा मुलखात कमी पाण्यात भागवणारं भांडं ही अक्कलहुशारीची गोष्ट होती.

याच भांड्यावरून मुसलमानांची टिंगलही भरपूर झाली. त्यावर आपण दोनच गोष्टी केल्या, चिडलो किंवा लाजलो. आपल्या वस्तूमागचा विचार समजावून सांगण्याची तिसरी वाट आपल्याला सुचली नाही.

मराठी समाजाला ही वाट अनोळखी नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्र्या, पानाचे डबे अशा घरगुती वस्तू गोळा केल्या. अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत उभारलेलं ते संग्रहालय त्यांनी 1975 मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. अडकित्ता हासुद्धा बघण्यासारखा असतो, हे महाराष्ट्राला त्यांनी शिकवलं. असं काम वऱ्हाडात, जिल्ह्याच्या पातळीवर आणि सगळ्या समाजांची घरं धरून व्हायला हवं.

त्यात फक्त मुसलमानांच्या वस्तूंचं वेगळं कपाट असावं, असं मी म्हणत नाही. उलट, तसं कपाट करायला गेलात तर ते भरणारच नाही, कारण वस्तू इतक्या सरळ वाटल्या जात नाहीत. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. गावात पिंजारी यायचा, पिंजणाच्या तातीचा आवाज गल्लीभर घुमायचा, आणि दबलेला कापूस पुन्हा फुलून गादीत भरला जायचा. पिंजारी बहुतेक मुसलमान, गादी मात्र पाटलाच्या वाड्यातली. ती गादी कुणाची? कल्हईवाल्याच्या भट्टीवर नवसागराच्या धुरात चकाकणारं पातेलं कुणाचं? वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांतल्या जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मी देवनागरीत ठोकलेली नावं पाहिली आहेत. मुसलमानांची मराठी कोणती, असं विचारणाऱ्यांना ती भांडी दाखवावीत. टिकल्या-टिकल्यांनी ठोकलेली ती अक्षरं कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट बोलतात.

अशा वस्तूंमध्ये बायकांचा इतिहासही दडलेला आहे. राजांच्या इतिहासात तो सापडत नाही. पानदानाचंच घ्या. बाईच्या हातखर्चाला ‘खर्च-ए-पानदान’ असं नाव होतं. 1877 साली उत्तर हिंदुस्थानात दोन अल्पवयीन मुलांचं लग्न ठरलं, तेव्हा नवऱ्या मुलाच्या वडिलांनी सुनेला दरमहा 500 रुपये खर्च-ए-पानदान देण्याचा करार लिहून दिला. पुढे ती नवऱ्यापासून वेगळी राहू लागली आणि वाद कोर्टात गेला. करारात ती स्वतः पक्षकार नव्हती, तरीही हा पैसा मागण्याचा हक्क तिला आहे, असा निकाल 1910 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिला. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही वाचतात. एका पानाच्या डब्याच्या नावावर बाईचा पैशावरचा हक्क टिकून राहिला. पानदान भंगारात घालताना ही गोष्टही त्याच्याबरोबर जाते.

रोजच्या वस्तूंकडे गंभीरपणे पाहणं ही खाऊन-पिऊन सुखी देशांची चैन आहे, असं कुणाला वाटेल. त्यांनी पोलंडकडे पाहावं. दुसऱ्या महायुद्धात तो देश अक्षरशः उद्ध्वस्त झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1950 मध्ये, वांदा तेलाकोव्स्का या बाईंच्या पुढाकाराने वॉर्सात औद्योगिक डिझाइनची संस्था उभी राहिली. साध्या माणसाच्या घरातला कप आणि कापडही चांगलं असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी खेड्यातल्या कारागिरांना शिकलेल्या डिझायनरांच्या शेजारी बसवलं. आज पोलंडच्या डिझाइनची प्रदर्शनं जगभर भरतात, त्यामागे हे काम आहे. आपल्याकडे कारागीर बाहेरच उभा राहतो.

काही आक्षेप आपल्याच घरातून येतील. जुन्या वस्तूंचं कौतुक करून काय मिळणार, मुलांना नोकऱ्या द्या, असं म्हटलं जाईल. ते खरंच आहे. पण पिंजाऱ्याच्या मुलाला बापाच्या हुनराची लाज वाटत राहिली, तर नोकरी लागल्यावरही ती लाज जाणार नाही. दुसरा आक्षेप घरातल्या बायकांचा असेल, आणि तो अधिक वजनाचा आहे. तांब्याची देगची उचलून, घासून ज्यांचे हात झिजले, त्यांना स्टील आणि प्लास्टिक आल्यावर सुटल्यासारखं वाटलं. म्हणून प्रदर्शनात प्लास्टिकचा बधनाही ठेवला पाहिजे. तो हलका आहे, स्वस्त आहे, पण तोटी त्याने सोडलेली नाही. जुनं तेवढं सोनं असं ठरवण्यापेक्षा काय बदललं, काय टिकलं आणि का, हे विचारणं महत्त्वाचं आहे.

याला फार पैसा लागत नाही. अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या शाळेचा हॉल, आठवडाभराची मुदत, आणि मुलांना एक काम: घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्यासोबत एक कार्ड लिहायचं. घरात तिला काय म्हणतात, कुणी घडवली, कोण वापरत होतं, वापर कधी थांबला. उर्दू शाळेतली मुलं आणि मराठी शाळेतली मुलं एकाच टेबलावर आपापल्या वस्तू ठेवतील, तेव्हा कितीतरी कार्डांवर एकाच कारागिराचं नाव निघेल.

डोक्यावर गाडगं घेऊन फिरणाऱ्या माणसाला वऱ्हाडाने गाडगेबाबा म्हटलं आणि अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. साध्या भांड्याची किंमत या मातीला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. फक्त घाई करायला हवी. तांबं किलोवर विकलं जातं, आणि भंगाराच्या काट्यावर आजीच्या नावाचं वजन होत नाही.