पंधरा मिनिटांची गॅलरी

मुंबईत ऋतू किती? ऑफिसला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या मते तीन : पावसाळा, उन्हाळा आणि एसी. वसंत नावाचा एक आहे म्हणतात, पण तो शाळेतल्या निबंधात भेटला होता आणि तेव्हापासून टचमध्ये नाही.

खरं सांगायचं तर वसंताच्या बाबतीत पंचांगही आपल्याला जरा घुमवतं. वसंतपंचमी येते माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. वसंत ऋतू मात्र चैत्र-वैशाखात. मधले दिवस कागदोपत्री शिशिराचे, पानगळीचे. झाडांनी बहुतेक हे पंचांग वाचलेलं नसावं. कारण आमच्या बोरीवलीत ऐन शिशिरात काटेसावर आपली सगळी पानं टाकून देते आणि नुसत्या बोडक्या फांद्यांवर तळहाताएवढी लालभडक फुलं घेऊन उभी राहते. पांगारा तेच करतो. पाठोपाठ पळस. मार्च उजाडला की कुसुमाला अशी तांबडी पालवी फुटते, की लांबून फुलंच वाटावीत. हे सगळं आठ-सव्वाआठची चर्चगेट फास्ट पकडायला धावणाऱ्या माणसाच्या डोक्यावर चाललेलं असतं. माणूस बिचारा इंडिकेटर बघत असतो.

आम्हा बोरीवलीकरांचं तर फारच कौतुक. दाराशी साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, रिक्षावाल्याला सांगायचं नाव नॅशनल पार्क. २०२३पासून मेट्रो सात नंबर लाइन पूर्ण चालू झाली, त्यात गेटजवळच ‘राष्ट्रीय उद्यान’ असं स्टेशनही मिळालं. पण आम्ही आत कधी जातो? पुण्याहून पाहुणे आले की. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात वनराणीच्या मार्गाची वाट लागली आणि ती छोटी गाडी बंद पडली, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे हळहळले. त्यातले निम्मे तिच्यात शेवटचे बसले होते ते चौथीच्या सहलीत.

आणि ‘आउटडोअर हॉबी’ म्हटलं की आपल्या पिढीला लगेच बूट विकत घ्यावे लागतात. मग बॅग, मग ती स्टीलची महागडी बाटली, मग शनिवारी रात्री अकराच्या बसने हरिश्चंद्रगड. माझी तक्रार नाही, मीही जाते. पण त्या बसमध्ये आईचे गुडघे येऊ शकत नाहीत. बाबा तर नाहीच नाहीत. म्हणजे आठवडाभर ऑफिसमुळे घरच्यांची भेट नाही आणि रविवारी हॉबीमुळे नाही. एका घरात राहून आम्ही तिघं एकमेकांना फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांमधून ओळखत होतो.

हे बदललं ते पक्षी मोजण्यामुळे. मोजण्यामुळे म्हणतेय हं. ‘पक्षीनिरीक्षण’ म्हटलं की खाकी टोपी, दुर्बीण आणि गप्प बसायची सक्ती डोळ्यांसमोर येते. मोजणं सोपं. दर फेब्रुवारीत चार दिवस, शुक्रवार ते सोमवार, जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ चालतो. अमेरिकेत १९९८मध्ये कॉर्नेल लॅब आणि ऑड्युबॉन या दोन संस्थांनी सुरू केला, भारतात २०१३पासून होतो. तिकडे तो सोमवार सुट्टीचा असतो, आपल्याकडे तो सोमवार म्हणजे नुसता सोमवार, पण चालतंय. नियम एवढाच, की कुठेही उभं राहायचं, निदान पंधरा मिनिटं, आणि दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी मोजून ईबर्डवर टाकायचा. गॅलरी चालते. गच्ची चालते. बस स्टॉपही चालतो. कावळे आणि पारवेही मोजायचे, त्यांना ‘हे काय पक्षी आहेत?’ म्हणून सोडायचं नाही.

हा शेवटचा नियम बाबांना भयंकर आवडला. आयुष्यभर बँकेत लेजर टॅली केलेला माणूस. पहिल्या सकाळी त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले. मी म्हटलं, ‘बाबा, पारवे लिहा साधारण तीस.’ तर म्हणाले, ‘साधारण म्हणजे काय?’ एकच कावळा तीनदा आला तर तो एक की तीन, यावर आमची नऊ मिनिटं गेली. उत्तर असं, की एका वेळी जास्तीत जास्त जेवढे एकत्र दिसले तेवढे धरायचे. बाबांनी ते डायरीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय.

वेळ ठरली सव्वासात ते साडेसात. फेब्रुवारीत मुंबईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पहिले दोन तास पक्ष्यांची खरी गडबड असते. शिवाय ऑफिसवाल्यांनो, साडेसातला संपतं, म्हणजे तुमची फास्ट चुकत नाही.

आमच्या गॅलरीसमोर कंपाउंडमधला शेवगा आहे, भिंतीपलीकडे एक जुनी सावर. एवढ्या दोन झाडांवर किती पक्षी असणार? चार दिवसांत आमचे बावीस प्रकार झाले. सावरीच्या फुलात भरपूर मध असतो. त्यावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पोपट, कावळे सगळे एकाच वेळी तुटून पडतात, लंच टाइममधल्या कॅन्टीनसारखे. शेवग्याच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर, वर घिरट्या घालणारी घार, तारेवर वेडे राघू. एके दिवशी पिवळाधमक हळद्या आला, आणि गॅसवर दूध ठेवून आलेली आई दूध विसरली. हे घरात पूर्वी कधीच घडलेलं नव्हतं.

आईचं वेगळंच चाललेलं. ती मालवणकडची. पुस्तकातली नावं तिला येत नाहीत, पण पक्षी येतात. भारद्वाज दिसला की ‘तो बघ गो, कुक्कुडकोंबो!’ आणि मग दिवसभर खुशीत, कारण सकाळी त्याचं दर्शन शुभ. पहिल्या दिवशी बाबांनी डायरीत लिहायला नकार दिला. ‘प्रॉपर नाव सांग.’ तेव्हा मी त्यांच्यासमोर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ ठेवला. जून २०२५मध्ये चितमपल्ली गेले. वनखात्यातली नोकरी सांभाळत माडिया, गोंड, पारधी, कोळी अशा माणसांत राहून त्यांनी ही नावं गोळा केली होती. एकेका पक्ष्याला गावोगावची नावं, आणि प्रत्येक नाव प्रॉपर. आईने पुस्तक मिटून ठेवलं आणि म्हणाली, ‘बघितलंत?’

तर अशी आमची टीम. बाबा बघणार आणि लिहिणार, आई नाव सांगणार, मी फोन धरणार. फोनमध्ये मर्लिन नावाचं अॅप आहे. आसपास पक्षी ओरडला की ते ऐकतं, स्क्रीनवर आवाजाची नक्षी सरकत जाते आणि खाली पक्ष्याचं नाव उमटतं. चुकतंही कधीकधी, म्हणून डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय नोंद करायची नाही. मजा येते.

दुसऱ्याच सकाळी त्या स्क्रीनवर ‘पर्पल सनबर्ड’ उमटलं, म्हणजे आपला जांभळा शिंजीर. बाबा म्हणाले, ‘कुठे ओरडला?’ मी म्हटलं, ‘आत्ता, आता पुन्हा.’ ते मान तिरकी करून उभे. नाव पुन्हा चमकलं. आई म्हणाली, ‘केव्हाचा चिवचिवतोय.’ बाबा फोन हातात घेऊन म्हणाले, ‘तुझ्या फोनचा माइक बिघडलाय. नसलेले आवाज पकडतोय.’

शिंजीर समोरच होता, तीन-चार फुटांवर, चोच उघडून.

कोणीच काही बोललं नाही. पण आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी मला त्या मिनिटात एका ओळीत उभ्या दिसल्या. टीव्हीचा आवाज, जो दोन वर्षांत हळूहळू इतका वाढला की खालच्या मजल्यावरच्या काकूंना मालिकेचे संवाद पाठ झालेत. फोनवर ‘तू ये’ म्हणून लगेच आईकडे देणं. चारचौघांत एकदम गप्प होणं, ज्याला आम्ही ‘रिटायर झाल्यापासून मूडी झालेत’ म्हणायचो. आणि ‘ऐकू येतंय गं, पण तुम्ही हल्ली पुटपुटता’ हे वाक्य, ज्यावर आईची आणि त्यांची रोज एक मॅच व्हायची.

मी त्या दुपारी वाचत बसले. (डेडलाइन होती, पण फ्रीलान्सरची डेडलाइन ही लवचीक वस्तू आहे. संपादकांनी हा कंस वाचू नये.) वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज सोडतात. शिंजीर, शिंपी, फुलचुकी हे सगळे तिथले गायक. माणसाच्या बोलण्यातले स, श, फ हेसुद्धा तिथेच. खालच्या पट्टीतले स्वर व्यवस्थित पोचतात. म्हणून माणसाला आपण बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की जग पुटपुटतंय. बाबा खोटं बोलत नव्हते. आणि हे इतकं हळू होतं, की ज्याचं होतं त्यालाच शेवटी कळतं.

चाचणीचं नाव काढायची मात्र सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी आईने काढलं होतं, तेव्हा ‘मी काय म्हातारा झालोय का?’वर विषय संपला होता. चष्मा माणूस कौतुकाने घालतो, त्यात फ्रेम निवडता येते. कानाचं मशीन म्हटलं की आपल्या घराघरांत अजून चेहरे पडतात. चष्मा आणि कान यांना आपण एवढी वेगळी वागणूक का देतो, हे मला कळलेलं नाही.

रविवारी आम्ही कान्हेरीला गेलो, मोजणीसाठीच. गेटपासून सहा-सात किलोमीटर आत, आईच्या गुडघ्यांसाठी वाहनाने. शंभरावर लेणी आहेत तिथे, दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदत आलेली, पण मला त्यातले दगडी बाक सगळ्यात आवडतात. भिक्खूंनी आपल्या खोल्यांबाहेर कातळातच कोरलेले. पावसाच्या पाण्याच्या टाक्या बाजूला, समोर जंगल. आम्ही तिघं एका बाकावर टेकलो आणि पंधरा मिनिटं लावली.

बाबा अचानक म्हणाले, ‘तांबट.’

मला काही नाही. आईला काही नाही. स्क्रीन कोरी. मग वाऱ्याची झुळूक थांबली आणि खूप लांबून टुक्, टुक्, टुक् आलं, एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर तो हेच करतो. पक्षी वीतभरही नाही, हिरवा, कपाळावर आणि गळ्याशी लाल ठिपका, पानांत बसला तर समोर असून दिसत नाही. पण आवाज भरदार आणि खालच्या पट्टीतला. तो बाबांचा होता. त्यांनी वेळ घालून नोंद केली आणि डायरी मिटता मिटता, आमच्याकडे न बघता विचारलं, ‘त्या शिंजिराचा आवाज साधारण कसा असतो?’

आयुष्यात पहिल्यांदा ‘साधारण’ म्हणाले.

पुढचं थोडक्यात. आधी कानाचे डॉक्टर, कारण कित्येकदा नुसता मळ असतो आणि तो काढला की काम भागतं. आमचं भागलं नाही. मग ऑडिओमेट्री. बंद खोलीत कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. दुखत नाही, अर्ध्या तासात होते, हातात एक आलेख मिळतो. खाजगी सेंटर गल्लोगल्ली आहेत, पण वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी १९८३पासून आहे, हे फार जणांना माहीत नसतं. आलेख बघून बाबांनी लेजर तपासल्यासारखं बोट फिरवलं. डावीकडे रेघ बरी चाललेली, उजवीकडे, जिथे बारीक आवाज, तिथे उतार. ‘इथे शिंजीर?’ त्यांनी विचारलं. ऑडिओलॉजिस्ट बाईंना असा प्रश्न बहुतेक पहिल्यांदाच आला असावा. त्या म्हणाल्या, ‘हो, तिथेच कुठेतरी.’

मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे कठीण जातात, हे ज्यांच्या घरी हा विषय आहे त्यांनी लक्षात ठेवा. मेंदूला विसरलेल्या आवाजांची पुन्हा सवय व्हावी लागते. बाबांना भांडी घासण्याचा आवाज असह्य झाला, कावळे वैरी वाटायला लागले, पेपरची पानं उलटली की ते दचकायचे. दोनदा ट्यूनिंगला जाऊन आलो. रोज थोडं थोडं घालून वेळ वाढवत न्यायची असते. बाबांनी यातला ‘थोडं’ हा शब्द पकडला आहे. ते सकाळी सव्वासात ते साडेसात, गॅलरीत, एवढंच घालतात. नंतर डबीत. आईचं म्हणणं, ‘पाखरांचं ऐकायला मशीन, आणि माझं?’ यावर वाटाघाटी चालू आहेत. तूर्त बातम्यांची वेळ आईला मिळाली आहे, आणि खालच्या काकूंनी परवा जिन्यात मला थांबवून विचारलं, ‘तुमचा टीव्ही बिघडलाय का?’

शिंजीर त्यांनी ऐकला, गेल्या मंगळवारी. शेवग्यावर नर आला होता, उन्हात निळा-जांभळा चमकणारा. बाबा बराच वेळ स्तब्ध. आई आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, सिनेमात असतं तसं काहीतरी होईल म्हणून.

‘एवढाच?’ बाबा म्हणाले. ‘याच्यासाठी एवढे पैसे घातले?’

आणि डायरीत लिहिलं : जांभळा शिंजीर, १ नर, सकाळी ७.२२, ऐकून.