श्रावण पाळा, पण डाळीवर

हवा-पाणी : रानवारा

गटारी उरकली, मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा ओसरल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर नवं पुण्य फिरू लागतं : महिनाभर मांस सोडा, पृथ्वी वाचवा. सल्ला वाईट नाही. पण चिकन उठलं आणि त्याच ताटात पनीर येऊन बसलं, तर पृथ्वीच्या पदरात काय पडलं?

शाकाहार-मांसाहार ही रेघ आपली. हवामानाच्या लेखी महत्त्व रवंथाला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटात चारा आंबतो, मिथेन तयार होतो आणि बहुतेक ढेकरांवाटे हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. कोंबडी रवंथ करत नाही. पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’मध्ये जगभरच्या शेतांचा जो ताळेबंद मांडला, त्यात हा फरक स्वच्छ दिसतो. शंभर ग्रॅम प्रथिनांमागे सरासरी उत्सर्जन असं : मांसासाठीच पाळलेल्या गुरांचं ५० किलो, मेंढीच्या मटणाचं २०, चीजचं ११, चिकनचं सहाच्या आत, अंड्यांचं चारच्या आसपास. कडधान्यांचं एक किलोसुद्धा नाही.

आपलं पनीर चीजच्याच कुळातलं. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध आटतं, आणि जनावर जितकं कमी दूध देतं तितका दर लिटरमागे मिथेनचा वाटा वाढतो.

शिवाय दुधासाठी जनावर पुन्हा पुन्हा व्यावं लागतं आणि साधारण निम्मी वासरं नर निघतात. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम उरलं नाही, रेड्याला तर त्याआधीही फारसं नव्हतं. म्हशीच्या मांसाची आपली मोठी निर्यात उभी आहे ती दुधाच्या धंद्यावरच. गोवंशाची गोष्ट वेगळी : महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. भाकड गाय आणि बिनकामाचा गोऱ्हा चारा खात, रवंथ करत राहतात आणि खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. बासुंदी खाणाऱ्याला या साखळीतून अंग काढून घेता येणार नाही.

म्हणून मटणाला निर्दोष ठरवता येत नाही. धनगराची मेंढी पडीक माळावर चरते, शेतात बसून खत देते, तिच्यासाठी अ‍ॅमेझॉनचं जंगल तुटत नाही. तरी मिथेन तीही सोडतेच. श्रावण पृथ्वीसाठी पाळायचा असेल तर तो वालाच्या बिरड्यावर, मटकीच्या उसळीवर, हुलग्याच्या पिठल्यावर पाळावा. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, युरियाही वाचतो.

मात्र ही काटकसर कोणी करायची, हे आधी ठरवायला हवं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ साली अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. त्या निर्णयाला उद्या कोणी पर्यावरणाचा मुलामा देऊ लागलं, तर वरचे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत. पोराच्या आठवड्याच्या एका अंड्याने पृथ्वी तापत नाही. कात्री लावायची ती रविवारी मटण आणि सोमवारी पनीर मागवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ताटाला.