पत्रिका घरची, झेंडू गाझीपूरचा
दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत लग्न ठरलं की पहिली उधळपट्टी पत्रिकेवर होते. मला तरी तो खर्च वायफळ वाटतो. मेट्रोची मॅजेन्टा लाइन पकडावी, हौज खासला गाडी बदलावी आणि चावडी बाजारला उतरून पत्रिकांच्या दुकानांत न शिरता सरळ कागदवाल्यांकडे जावं. २५०-३०० जीएसएमचा, हाताला किंचित खरखरीत लागणारा कागद घ्यावा. चकचकीत नको, घरच्या इंकजेटची शाई त्यावर बसत नाही. अंगठा लागला की कुलदैवत वधूपित्यात मिसळतं! ए-फोर मधोमध कापला की दोन पत्रिका, म्हणजे १०० कागदांत २००. दुमडायची असेल तर आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबून घ्यावी, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. मजकूर मात्र आत्याबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापू नये, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ गाळली तर भाचरं रुसतात. सजावटीचं म्हणाल, तर पिढ्यान्‌पिढ्या रुखवत मांडणाऱ्यांना ती कुणी शिकवावी? अंतरपाटावर स्वस्तिक काढताना कुंकवाऐवजी कापडाचा रंग वापरला की शालूवर सडा पडत नाही, एवढंच. झेंडू पहाटे गाझीपूर मंडीतून आणावा, माळा घरीच ओवाव्यात. गुलाबाच्या नादी लागू नये. ऐन लग्नसराईत त्याचा भाव ऐकूनच माणूस परत फिरतो.