न्यायमूर्ती निवडायचा कोणी?

मुळशी तालुक्यातील जमिनीचा एखादा दावा पौडच्या न्यायालयात उभा राहतो, तेथून पुण्याच्या शिवाजीनगरातील जिल्हा न्यायालयात जातो आणि पक्षकाराच्या अंगात बळ उरले असेल तर मुंबईच्या उच्च न्यायालयात पोचतो. तेथून पुढे दिल्ली गाठण्याचे सामर्थ्य फारच थोड्यांच्या ठायी असते. म्हणजे व्यवहारात या पक्षकाराचा शेवटचा शब्द उच्च न्यायालयातील न्यायमूर्तीचाच असतो. हा न्यायमूर्ती तेथे आला कसा, त्याला कोणी निवडले आणि कोणत्या गुणांसाठी निवडले, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांच्या संघटनांचा नव्हे. तो सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव आहे अशा प्रत्येकाचा आहे.

या तालुक्याला तर हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी येथील शेतकऱ्यांना १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तो सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा बडगा कंपनीसाठी उगारला म्हणून. शतकानंतर त्याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र उभे आहे. लवासाच्या डोंगरातील बांधकामाला केंद्रीय पर्यावरण खात्याने २०१० साली हरकत घेतली, तेव्हा तो वादही उच्च न्यायालयातच गेला. भूसंपादनाच्या २०१३ च्या नव्या कायद्यातही मोबदल्याच्या निवाड्यावरील अपील उच्च न्यायालयाकडेच जाते. जमिनीचा भाव जेवढा चढतो, तेवढे न्यायासनाच्या निःपक्षपातीपणाचे मोल वाढते, हे उघड आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्रात या प्रश्नावर बराच गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने २८ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयासाठी ज्या वकिलांची शिफारस केली, त्यांत आरती साठे यांचे नाव होते. दोन दशकांहून अधिक काळ, प्रामुख्याने करविषयक खटल्यांत, त्यांनी वकिली केलेली आहे. त्याचबरोबर त्या भारतीय जनता पक्षाच्या प्रवक्त्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पक्षाचा राजीनामा दिला होता, असे पक्षातर्फे सांगण्यात आले. रोहित पवार यांच्यासह विरोधकांनी आक्षेप घेतला, सत्ताधाऱ्यांनी त्याला उत्तर दिले आणि त्याच महिन्यात नियुक्तीही झाली. दोन्ही बाजूंच्या घोषणा आता विरल्या आहेत. परंतु त्या वादाने जो मूळ प्रश्न उघडा केला, तो मात्र तसाच राहिला आहे.

पक्षाशी संबंध असलेली व्यक्ती न्यायासनावर बसूच नये, असा नियम राज्यघटनेत नाही. अनुच्छेद २१७ प्रमाणे भारताचे नागरिकत्व आणि दहा वर्षांचे न्यायाधिकारपद अथवा उच्च न्यायालयातील दहा वर्षांची वकिली एवढीच पात्रता लागते. इतिहासही अशा सरसकट बंदीच्या बाजूने साक्ष देत नाही. सासवडला जन्मलेले आणि पुण्यात वकिली केलेले वि. म. तारकुंडे हे रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते. तेच १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि नागरी स्वातंत्र्याचे कैवारी म्हणून देशभर ओळखले गेले. व्ही. आर. कृष्ण अय्यर तर १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात मंत्री होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर जून १९७५ मध्ये त्यांनीच इंदिरा गांधींना केवळ सशर्त स्थगिती दिली. राजकारणातून आलेला माणूस राजकारण मागे ठेवू शकतो, याचे हे दाखले आहेत. मात्र तो ते ठेवीलच, याची हमी या दाखल्यांवरून मिळत नाही. म्हणून निवड करणाऱ्यांनी नेमके काय पाहिले, हे लोकांना कळणे अगत्याचे ठरते.

बंद दाराआडच्या या निवडीला कंटाळलेले काही जण विचारतात की, सरपंचापासून खासदारापर्यंत सारे लोकांच्या मताने निवडून येतात, मग न्यायमूर्तींचीच निवडणूक का असू नये? अमेरिकेतील अनेक राज्यांत ती होते. मुरलेले वकील अपील न्यायालयाच्या जागेसाठी उमेदवारी करतात, निधी जमवितात, जाहिराती देतात. त्याचे फळ वेस्ट व्हर्जिनियात दिसले. तेथील एका कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निवाडा झाला होता. अपील यायचे होते. त्या सुमारास, २००४ साली, कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन या वकिलाच्या विजयासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले. पुढे त्या खटल्यातून बाजूला होण्यास त्यांनी नकार दिला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निवाडा कंपनीच्या बाजूने फिरला. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, बेंजामिन यांनी दूर राहावयास हवे होते असा निर्णय दिला. मेक्सिकोने तर २०२५ च्या जून महिन्यात न्यायाधीशांची देशव्यापी निवडणूक घेतली. मतदानास आले जेमतेम १३ टक्के लोक.

मुळशीच्या पक्षकाराने या उदाहरणांतून काय घ्यावे? ज्या तालुक्यात जमिनीच्या व्यवहारात कोट्यवधींची उलाढाल होते, तेथे न्यायमूर्तीच्या प्रचाराचा खर्च कोण उचलील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. निवडून आलेला प्रतिनिधी बहुमताचा असतो आणि तो तसा असणे योग्यच आहे. न्यायमूर्ती मात्र प्रसंगी बहुमताच्या विरुद्ध एकट्या माणसाच्या बाजूने उभा राहण्यासाठीच असतो. मते मागितलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे त्याची रोजच सत्त्वपरीक्षा घेणे होय. रामशास्त्री प्रभुण्यांना कोणी मते देऊन निवडले नव्हते. पेशव्यांनीच नेमलेल्या या शास्त्र्याने पेशवेपदावर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरविले, म्हणून महाराष्ट्र आजही त्यांचे नाव घेतो.

तेव्हा निवडणूक हा उपाय नव्हे. परंतु आजची पद्धतही समाधान मानण्याजोगी नाही. १९८१ च्या निकालाने नियुक्तीतील अखेरचा शब्द सरकारचा मानला होता. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी तो ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या वृंदाकडे नेला. संसदेने घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द केला. सरकारच्या हाती नियुक्ती गेली तर काय होते, याचा अनुभव आणीबाणीत आला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. लळित यांना तेव्हा कायम करण्यात आले नाही. याच लळितांचे पुत्र २०२२ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, हा काळाने उगवलेला सूड म्हणावा. असा अनुभव गाठीशी असल्याने न्यायपालिकेने हा अधिकार स्वतःकडे ठेवला, हे समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखी आहे ती गुप्तता.

आपल्याकडे वकील न्यायमूर्तिपदासाठी उघड उमेदवारी करीत नाही. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून नाव सुचवितात. मग राज्य सरकारचे मत, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाचा निर्णय आणि केंद्राची मान्यता असा प्रवास होतो. या प्रवासात नाव का निवडले, का वगळले आणि कोठे अडले, हे सामान्य नागरिकास बहुधा कळत नाही. न्यायवृंदाने ठराव प्रसिद्ध करण्यास २०१७ साली आरंभ केला. ते कधी कारणांसह आले, कधी नुसत्या नावांपुरते. मे २०२५ मध्ये नियुक्त्यांचा तपशील जाहीर झाला आणि त्यात कोणाचे न्यायमूर्तींशी नाते आहे, याचीही नोंद होती. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण ती त्या त्या सरन्यायाधीशांच्या मर्जीवर राहू नयेत, नियमाने बांधली जावीत.

या नियमांत चार गोष्टी असाव्यात. शिफारस झालेल्या प्रत्येक नावामागील कारणे प्रसिद्ध व्हावीत. त्यात पूर्वीचे पक्षकार्य दडवू नये, उलट ते तपासून कोणत्या निष्कर्षास आलो, हे न्यायवृंदाने लिहावे. पक्षाचे पद सोडणे आणि न्यायासनावर येणे यांत काही वर्षांचे निश्चित अंतर असावे, आणि हा नियम कोणताही पक्ष सत्तेवर असला तरी सारखाच लागू व्हावा. ज्या पक्षाशी अथवा पक्षकाराशी पूर्वसंबंध होता, त्याच्या खटल्यातून बाजूला होण्याचे लेखी निकष ठरावेत. हे आज जवळजवळ पूर्णपणे त्या न्यायमूर्तीच्या विवेकावर सोडलेले आहे. चौथी गोष्ट म्हणजे, वकिलांचा शोध मुंबईच्या फोर्ट भागापुरता मर्यादित न राहता पुणे, सोलापूर, पौड येथील न्यायालयांपर्यंत पोचावा. जमिनीचा दावा मुळापासून चालविलेल्या वकिलाला तलाठ्याच्या नोंदीचा अर्थ सांगावा लागत नाही.

या शेवटच्या मुद्द्याला अंतराचाही पदर आहे. औरंगाबादबरोबर पुण्यालाही खंडपीठ व्हावे, असा ठराव विधानसभेने १९७८ साली केला होता. औरंगाबादचे पीठ १९८१ साली सुरू झाले. कोल्हापूरचे फिरते पीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी बसू लागले. त्या सहांत पुणे नाही. मुळशीच्या शेतकऱ्याला अपिलाच्या तारखेसाठी अजून घाट उतरून मुंबईच गाठावी लागते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची ९४ पदे मंजूर आहेत, पण ती सारी भरलेली क्वचितच असतात. नेमणुकीला झालेला प्रत्येक महिन्याचा विलंब या शेतकऱ्याच्या पुढच्या तारखेत जमा होतो.

न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसावा लागतो, हे तत्त्व न्यायमूर्ती निकालपत्रांतून नेहमी सांगतात. ते स्वतःच्या निवडीलाही लावण्याची वेळ आली आहे. मुळशीच्या पक्षकाराला न्यायमूर्तीची निवड करण्याचा अधिकार नको आहे. समोर बसलेला न्यायमूर्ती कोणत्या कसोटीवर उतरून तेथे आला, हे जाणण्याचा अधिकार मात्र त्याचा आहे. निकाल विरुद्ध गेला तरी माणूस तो मान्य करून घरी परततो, तो या विश्वासापोटीच. हा विश्वास डळमळला तर न्यायालयाच्या हुकुमामागे पोलिसांच्या लाठीखेरीज दुसरे बळ उरणार नाही.